आधी इंजिन बंद ठेवा: सिम्युलेटरमधलं जुनं विमान कसं तपासायचं

ड्रॉइंग ऑफिसात माझं काम चेकरचं होतं. दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिल फिरवायची आणि शेवटी कोपऱ्यातल्या ‘तपासले’ या चौकोनात सही करायची. सही झाली की चूक माझी. निवृत्तीनंतर ही सवय कुठे जिरवायची, हा प्रश्न भाच्याने सोडवला. तो सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या प्रणालीसाठी, विमानांची मॉडेलं बनवणाऱ्या एका छोट्या गटात आहे. त्याने पहिल्यांदा त्यांचं स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, दाखवलं, तेव्हा मी तासाभरात अकरा चुकांची यादी काढून त्याच्या हातात ठेवली. पहिलीच नोंद अशी होती: दोन्ही पंखांखालचे रेडिएटर सारखे नाहीत, डावीकडचा अर्धवट राहिला आहे.

तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य. “मावशी, हे मार्क १ आहे,” एवढंच म्हणाला.

मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती. मार्क १ वर उजव्या पंखाखाली रेडिएटर असतो आणि डाव्या पंखाखाली लहानसा ऑइल कूलर. दोन्हीकडे सारख्या पेट्या दिसतात त्या मार्क ९ वर. माझ्या डोक्यात चित्र मार्क ९ चं होतं आणि त्यावरून मी मार्क १ ला नापास करून मोकळी झाले होते. त्या अकरा नोंदींपैकी सात शेवटी माझ्याच अज्ञानाच्या निघाल्या. तेव्हापासून मी सिम्युलेटर सुरू करण्याआधी वहीत एक ओळ लिहिते: नेमकं कोणतं विमान, कोणता मार्क, कोणतं इंजिन, कोणत्या वर्षातलं. शक्य असेल तर महिनाही.

महिना म्हटलं की लोकांना अतिरेक वाटतो. स्पिटफायर मार्क १ चंच बघा. सुरुवातीच्या विमानांना दोन पात्यांचा लाकडी, एकाच कोनात बसवलेला पंखा (प्रोपेलर) होता. मग तीन पात्यांचा, दोनच कोनांचा आला. १९४० च्या उन्हाळ्यात तेच पंखे बदलून स्थिर फेऱ्यांचे, म्हणजे फेरे कायम ठेवायला पात्यांचा कोन आपोआप बदलणारे, केले गेले. म्हणजे कॉकपिटमध्ये पंख्याचा लीव्हर दोनच जागी सरकतो की मधे कुठेही थांबतो, याचं उत्तर तारखेवर आहे. बूस्टचं, म्हणजे इंजिनात दाबून भरलेल्या हवेच्या दाबाचंही तसंच. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर स्पिटफायरच्या मर्लिन ३ इंजिनाची मर्यादा चौरस इंचाला अधिक ६¼ पौंड होती, १०० ऑक्टेन आल्यावर आणीबाणीत अधिक १२ पर्यंत परवानगी मिळाली. काटा १२ वर गेला म्हणून ‘चूक’ लिहिणारा आणि ६¼ वर थांबला म्हणून ‘चूक’ लिहिणारा, दोघेही बरोबर असू शकतात आणि दोघेही चूक.

डीसी-३ हे जुनं अमेरिकन प्रवासी विमान असेल तर इंजिनाचे सिलिंडर मोजा. सुरुवातीच्या राइट सायक्लोनला एका ओळीत ९, नंतरच्या प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० ला दोन ओळींत १४. बाहेरून ९ दिसतात आणि आत गेजवर १४ सिलिंडरवाल्याच्या मर्यादा रंगवल्यात, अशी सरमिसळ मी प्रत्यक्ष पाहिली आहे. पंखांची लांबीही बघा: डीसी-३ ची ९५ फूट, तिच्या लष्करी बहिणीची, म्हणजे सी-४७ ची, ९५ फूट ६ इंच. सहा इंचांनी उडण्यात काही फरक पडत नाही, पण मॉडेल करणाऱ्याने कोणाची ड्रॉइंगं समोर ठेवली होती ते कळतं.

कागद कोणते धरायचे

त्या काळातल्या वैमानिकाला दिलेलं पुस्तक हा पहिला आधार. ब्रिटिश विमानांसाठी हवाई मंत्रालयाची ‘पायलट्स नोट्स’ होती, आणि त्यांना क्रमांक असायचे. स्पिटफायर मार्क १ चा क्रमांक ए.पी. १५६५ए, मार्क २ चा १५६५बी. एका अक्षराने विमान बदलतं, म्हणून मुखपृष्ठ वाचल्याशिवाय आतलं पान उघडू नका. या पुस्तकांना दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येत आणि त्या जुन्या मजकुरावर चिकटवल्या जात. स्कॅन केलेल्या प्रतीत चिठ्ठी आहे की नाही हे बघा, कारण चिठ्ठीआधीचा आणि चिठ्ठीनंतरचा आकडा वेगळा असतो. नागरी विमान असेल तर टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाला मिळालेल्या सरकारी मंजुरीची, माहितीपत्रकं बघावीत. डीसी-३ चं अमेरिकेतलं पत्रक ए-६६९ या क्रमांकाचं आहे, त्यात इंजिन, वजनं आणि मर्यादा कोरड्या भाषेत दिलेल्या असतात. कोरडी भाषा मला आवडते. तिच्यात फुशारकीला जागा नसते.

छायाचित्रांवर माझा विश्वास दुसऱ्या नंबरचा. आज उडणारी जुनी विमानं आजच्या नियमांनी उडतात. त्यांच्यात नवा रेडिओ असतो, जादा स्विच असतात, कधी पट्टेही नवे असतात. त्यांचा फोटो बघून १९४० चं कॉकपिट तपासलं तर तुम्ही ८० वर्षांनंतरची दुरुस्ती तपासताय. जुन्या फोटोंची खोड वेगळी. निगेटिव्ह उलटी छापली गेली की डावं उजवं होतं. स्पिटफायरच्या बाबतीत ओळखायला सोपं: कॉकपिटचं दार डाव्या अंगाला असतं आणि वेग मोजणारी पिटो नळी डाव्या पंखाखाली. दार उजवीकडे दिसलं तर फोटो उलटा आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून रंग ठरवताना आणखी सावध राहा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही. तिच्यावर लाल जवळजवळ काळा येतो, पिवळा गडद आणि निळा फिका. विमानावरच्या ब्रिटिश खुणेच्या चक्राभोवतीचं पिवळं कडं काळपट दिसतं म्हणून ‘इथे पिवळा नव्हता’ असं ठामपणे सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फिल्म कोणती होती, एवढंच विचारते.

इंजिन बंद असताना

आता सिम्युलेटर सुरू करा, विमान समुद्रसपाटीच्या विमानतळावर उभं करा, हवामान प्रमाण ठेवा: १५ अंश सेल्सिअस, दाब पाऱ्याचे २९.९२ इंच, वारा शून्य. इंजिन, बॅटरी सगळं बंद. आणि मग नुसत्या तबकड्या बघा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण इथे मॉडेल करणाऱ्याला विमान समजलं आहे की फक्त दिसलं आहे, ते लगेच उघडं पडतं.

अमेरिकन विमानात मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, काटा कुठे आहे? बंद इंजिनात बाहेरचीच हवा भरलेली असते, म्हणून काटा बाहेरचा दाब दाखवणार. म्हणजे ३० इंचांच्या आसपास. शून्यावर पडलेला असेल तर गेज नुसतं सजावटीचं आहे. तोच काटा इंजिन संथ चालू असताना ३० पेक्षा बराच खाली यायला हवा, कारण बंद थ्रॉटलमागे (इंजिनाला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेमागे) इंजिन हवा ओढून घेतं. इंजिन सुरू झाल्यावर काटा खाली उतरतो, हे नवख्याला उलटं वाटतं. मॉडेल करणाऱ्यालाही कधीकधी वाटतं, आणि तो ते ‘दुरुस्त’ करतो.

ब्रिटिश बूस्ट गेजवर हाच दाब शून्य पौंड म्हणून दिसतो, कारण त्यांनी शून्य धरलं तेच समुद्रसपाटीच्या हवेला. जर्मन मेसरश्मिटमध्ये तो सुमारे १.०३ अटा (दाबाचं जर्मन एकक) दिसेल. तीन देश, तीन तबकड्या, हवा एकच.

आता विमान उचला आणि उंचावरच्या विमानतळावर ठेवा. मी बोलिव्हियातल्या ला पाझजवळचा एल आल्तो घेते, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून थोडा वर. प्रमाण हवामानात तिथला दाब सुमारे १८ इंच. बंद इंजिनाच्या अमेरिकन गेजवर १८, ब्रिटिश गेजवर उणे ६ च्या जवळ, जर्मन गेजवर ०.६२ च्या आसपास दिसायला हवं. पहिल्या विमानतळावर ३० दाखवणारं गेज इथेही ३० च दाखवत असेल, तर कोणीतरी तो आकडा हाताने चिकटवला आहे. ही युक्ती सापडली त्या दिवशी मी भाच्याला रात्री साडेदहाला फोन केला होता. त्याच्या बायकोने उचलला. असो.

एककं बदलायची वेळ येतेच, तेव्हा हिशेब वहीत पाठ करून ठेवा. ब्रिटिश अधिक ६ पौंड म्हणजे साधारण ४२ इंच, अधिक १२ म्हणजे ५४. गॅलनची गंमत तर जुनीच: ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, अमेरिकन ३.७८५. टायगर मॉथ या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाच्या वरच्या पंखातल्या टाकीत १९ ब्रिटिश गॅलन मावतात. सिम्युलेटरच्या फाइलीत १९ लिहिलंय आणि सिम्युलेटर अमेरिकन गॅलन धरतो, तर १४ लिटर पेट्रोल गायब. जर्मन अश्वशक्तीही ब्रिटिश अश्वशक्तीपेक्षा किंचित लहान, ७३५.५ वॅट विरुद्ध ७४५.७. हा फरक दीडेक टक्क्याचा आहे, त्यावर मी कधीच तक्रार नोंदवत नाही. पेट्रोलवर मात्र नोंदवते.

पंखा कोणत्या बाजूला फिरतो

कॉकपिटमधून बघताना मर्लिन इंजिनाचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि धावपट्टीवर विमान डावीकडे ओढलं जातं. नंतरच्या स्पिटफायरमध्ये ग्रिफॉन इंजिन आलं. त्याचा पंखा उलटा फिरतो आणि ओढ उजवीकडे. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचंही तसंच, उलट दिशा, ओढ उजवीकडे. इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या: चित्रातला पंखा आणि गणितातली ओढ. बहुतेक सिम्युलेटरांत ही दोन माणसांची दोन कामं असतात आणि ती एकमेकांशी बोललेली असतीलच असं नाही. पंख्यासाठी स्टार्टर दाबताना, इंजिन पेटण्याआधी बघा. पूर्ण वेगात पडद्यावर पातं कुठे चाललंय ते डोळ्याला कळत नाही. ओढीसाठी वारा शून्य ठेवा, रडरवरचे (शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पॅडलवरचे) पाय काढा आणि थ्रॉटल हळू पुढे न्या. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये आपोआप रडर देणारी मदत चालू असेल तर ती आधी बंद करा. नाहीतर विमान सरळ जाईल आणि तुम्ही निष्पाप माणसावर आरोप कराल. मी केला आहे.

पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल असेल तर प्रकरण निराळं. तिथे पंख्यासोबत अख्खं इंजिनच फिरतं. त्या फिरत्या वजनाचा जायरोसारखा, म्हणजे भोवऱ्यासारखा, परिणाम होतो: उजवीकडे वळताना नाक खाली जातं, डावीकडे वळताना वर. दोन्हीकडे एकसारखं वळणारं कॅमल हे कॅमल नव्हे. वेग कमी करायला आजच्यासारखा थ्रॉटल नाही, वैमानिक हातातल्या काठीवरचं, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावरचं, बटण दाबून क्षणभर इंजिनाची ठिणगी तोडतो. इंजिन थांबत-थांबत गुरगुरतं तो आवाजही ऐका.

जे नसायला हवं ते शोधा

आहे ते सगळेच तपासतात. नसायला हवं ते शोधणं जास्त फळतं. टायगर मॉथ डीएच.८२ए ला ब्रेक नाहीत, फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली येणाऱ्या झडपा) नाहीत, शेपटीला चाकाऐवजी स्किड (घसरती पट्टी) आहे. पार्किंग ब्रेकचं बटण दाबल्यावर ती थांबून राहिली तर नोंद करा. पण थांबा: कॅनडात बनलेल्या डीएच.८२सी ला ब्रेकही होते, शेपटीचं चाकही होतं, शिवाय सरकणारं छतही होतं. म्हणून वहीतली ती पहिली ओळ. टायगर मॉथचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) फक्त खालच्या पंखांवर असतात. काठी पूर्ण एका बाजूला नेली की वर जाणारा एलेरॉन चांगला वर जातो, खाली जाणारा फारसा खाली जात नाही. दोन्ही सारखेच हलत असतील तर ते कुठल्या तरी आधुनिक विमानाचं हाड इथे बसवलं आहे.

स्पिटफायरच्या फ्लॅपला दोनच जागा: पूर्ण वर, पूर्ण खाली. तिसरी खाच सापडली तर ती सिम्युलेटरची देणगी. पायाच्या टोकाने दाबायचे ब्रेक नाहीत. काठीच्या गोल मुठीवर लीव्हर असतो आणि रडरच्या पॅडलवरून डावी-उजवी वाटणी होते. चाकं वर घ्यायचा लीव्हर उजव्या हाताला, म्हणून उड्डाणानंतर वैमानिक थ्रॉटल सोडून डावा हात काठीवर घेतो. थ्रॉटलचा घर्षण-स्क्रू सैल असेल तर थ्रॉटल मागे सरकू लागतो. हे कोणी मॉडेल केलेलं दिसलं, की मी बाकीच्या दोन-चार चुका माफ करते.

मर्लिनची प्रसिद्ध खोड म्हणजे नाक झटक्यात खाली दाबलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळतं आणि इंजिन खोकतं. मेसरश्मिटच्या डीबी ६०१ ला पेट्रोलचं इंजेक्शन असल्याने तो निवांत. बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी १९४१ मध्ये एका साध्या छिद्राच्या वॉशरने हा त्रास बराच आटोक्यात आणला. म्हणून १९४० च्या स्पिटफायरमध्ये नाक दाबून बघा, इंजिन खोकलं पाहिजे. मर्लिन ६६ असलेल्या मार्क ९ वर तीच चाचणी करून ‘खोकत नाही’ लिहू नका, त्याला वेगळा कार्ब्युरेटर आहे.

डीसी-३ साठी एक छोटी चाचणी. इंजिन बंद पडल्यावर पाती वाऱ्याला समांतर करायचं बटण दाबा आणि बोट काढा. हायड्रोमॅटिक पंख्याचं बटण स्वतःच दाबलेलं राहतं आणि काम झालं की टक करून बाहेर येतं. पाती परत फिरवताना मात्र बोट धरून ठेवावं लागतं. बरेच जण दोन्हीकडे एकसारखा स्विच बसवतात.

उडवून बघताना

आकडे घेताना घाई नको. वजन पुस्तकातल्या वजनाइतकं करा, गुरुत्वमध्यही. पी-५१डी या अमेरिकन लढाऊ विमानात वैमानिकाच्या मागे ८५ गॅलनची टाकी आहे. ती भरलेली असताना विमान वळणात अस्थिर होतं, रिकामी असताना शहाणं. टाकीची पातळी न लिहिता ‘हाताळणी चुकीची’ असं लिहिणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

चढाईचा वेग मोजायला ३,००० ते ४,००० फूट हा टप्पा स्टॉपवॉचने घ्या, वेग स्थिर ठेवून, तीन वेळा. पहिला आकडा नेहमी फेकून द्या, कारण हात अजून बसलेला नसतो. काट्यावरचा वेग आणि खरा वेग यांत नळीच्या जागेमुळे फरक पडतो. पायलट्स नोट्समध्ये त्याचं छोटं कोष्टक असतं. स्टॉलच्या (पंखांची उचल तुटते त्या) वेगाची तुलना करताना ते विसरलात तर चांगल्या मॉडेलला दोष लागतो.

इंजिनाच्या मर्यादा सगळ्यात सोप्या. आर-१८३०-९२ उड्डाणाच्या वेळी मिनिटाला २७०० फेरे आणि ४८ इंचांवर १२०० अश्वशक्ती देतं. समुद्रसपाटीवर तिन्ही आकडे एकत्र जुळले पाहिजेत, दोन जुळून तिसरा हुकला तर आत काहीतरी ओढाताण केलेली असते.

पेट्रोलचा खर्च तपासायला मला खऱ्या, नोंदलेल्या प्रवासाचा आधार आवडतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरने २०२२ मध्ये चाळिसाव्या वर्षानिमित्त ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ दिलं. १९२७ च्या मे महिन्यात लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडायला त्यात ४५० अमेरिकन गॅलन भरून निघाले, साडेतेहतीस तास उडले, उतरले तेव्हा ८५ गॅलन शिल्लक होतं. म्हणजे तासाला सरासरी ११ गॅलन. साडेतेहतीस तास बसायची गरज नाही. वजन हलकं होत जातं तसा खर्च घटतो, म्हणून सुरुवातीला, मध्याला आणि शेवटच्या वजनाला एकेक तास उडवा आणि सरासरी काढा. त्या विमानातून समोरचं काही दिसत नाही, पुढे टाकी आहे. ती तक्रार करू नका.

काठीचा जडपणा मात्र घरच्या जॉयस्टिकवर तपासता येत नाही, स्प्रिंग तीच राहते. त्याऐवजी बाहेरून बघा. कापडी एलेरॉनचं स्पिटफायर ताशी ४०० मैलांनी जात असताना काठी पूर्ण दाबा. एलेरॉन पूर्ण हलला तर वैमानिकाच्या दंडाचं बळ कोणी हिशेबात धरलेलं नाही.

तक्रार लिहिताना

एका नोटीत एकच गोष्ट. कोणतं विमान, सिम्युलेटरची आणि मॉडेलची आवृत्ती, हवामान, वजन, मी काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर. सोबत पडद्याचं चित्र. ‘खऱ्या विमानात असं नसतं’ हे वाक्य मी स्वतःला लिहू देत नाही. माझ्याकडे तीन खुणा आहेत: लाल म्हणजे चूक, निळी म्हणजे सिम्युलेटरच्या मर्यादेमुळे केलेली तडजोड, पेन्सिलची साधी रेघ म्हणजे कागद मिळेपर्यंत गप्प. साध्या रेघांची संख्या लाल खुणांपेक्षा नेहमी जास्त असते. रिवेट मोजणाऱ्यांची थट्टा होते, मी मात्र मोजते. फक्त ते सगळ्यात शेवटी, आणि त्यांना निळी खूण.

नवी आवृत्ती आली की जुनं सगळं पुन्हा उडवत बसू नका. बंद इंजिनाचे काटे, पंख्याची दिशा, ओढीची दिशा, टाकीचं माप, एवढं बघा. पंधरा मिनिटं लागतात. भाच्याच्या गटाने ग्रिफॉनवालं मार्क १४ केलं तेव्हा पंखा बरोबर उलटा फिरत होता, पण ओढ मर्लिनसारखी डावीकडे. मी लिहिलं: पंखा आणि ओढ जुळत नाहीत. कोणतं बरोबर ते लिहायचं राहिलं. पुढच्या आवृत्तीत ओढ उजवीकडे आली होती, छान, आणि पंखा मर्लिनच्या दिशेने फिरत होता. चित्रवाल्याने आणि गणितवाल्याने, एकमेकांना न सांगता, एकाच आठवड्यात आपापल्या फाइलीत एकेक उणे चिन्ह घातलं होतं.